आठवा गुण रिकामा का?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘आता बघा’ निम्मे काढलेत. सगळे काढले असते तर तो मी वाटलो नसतो.)

 

मी कोपरगावातून बोलतोय. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. पंखा बंद केलाय, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. खिडकी बंद केलीय, कारण मागच्या गल्लीत कुणाची तरी हळद आहे आणि डीजे अजून थांबलेला नाही. त्यामुळे घामाघूम झालोय. मधेच आवाज दमलेला वाटला तर समजून घ्या.

आजचा भाग एका गेमबद्दल आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. बीजीएमआय नाही, फ्री फायर नाही. हा गेम १९८५ सालचा आहे, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. त्यातल्या एका कोड्याने मला या उन्हाळ्यात जवळजवळ महिनाभर छळलं. ते कोडं सुटलं तेव्हा गेममध्ये मी पुढे गेलो, पण बाहेर मात्र मला मागे जाऊन एक गोष्ट दुरुस्त करावी लागली. ती गोष्ट मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितली तर तुम्ही कोड्याकडे लक्ष देणार नाही.

तर गेमचं नाव ‘अल्टिमा फोर: क्वेस्ट ऑफ द अवतार’. बनवणारा रिचर्ड गॅरियट. मला हा गेम एका जुन्या कॉम्प्युटरवर खेळायला मिळाला. तो कॉम्प्युटर माझ्या दादाने मला दिला होता. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. बसस्थानकाजवळ त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. दादाला लक्षात ठेवा, तो परत येणार आहे. गेम आता जीओजी नावाच्या साईटवर अधिकृतपणे फुकट मिळतो, त्यामुळे कुणाला खेळायचा असेल तर चोरीमारी करायची गरज नाही. आणि या गेमसाठी चोरी करणं किती विनोदी ठरेल, ते पुढे कळेलच.

गॅरियटच्या आधीच्या गेममध्ये नेहमीचाच मामला होता. शेवटी एक मोठा दुष्ट असायचा, त्याला मारायचं. मग तिथपर्यंत पोचायला खेळणारे काय करायचे? गावातल्या निरपराध लोकांना मारायचे, दुकानं लुटायचे, आणि तरी शेवटी ‘हिरो’. याबद्दलची पत्रं गॅरियटकडे यायला लागली. त्याला वाटलं, हे काहीतरी चुकतंय. मग त्याने चौथा भाग असा बनवला की ज्यात शेवटचा दुष्ट नाहीच. ध्येय एकच, तुम्ही स्वतः चांगला माणूस व्हायचं. आणि त्याला नाव शोधताना त्याने कुठला शब्द घेतला? अवतार. टीव्हीवर हिंदू धर्मावरचा एक कार्यक्रम त्याने पाहिला होता, त्यात अवताराच्या सोळा गुणांची गोष्ट होती, तिथून हे बीज पडलं. म्हणजे आज मोबाईलवर आपण ‘माझा अवतार बनव’ म्हणतो, त्या शब्दाच्या प्रवासात हा गेम एक मोठं स्टेशन आहे.

सात सुटले, आठवं अडलं

खेळ सुरू होतो तो एका जत्रेत. एक भविष्य सांगणारी बाई गाडीत बसलेली असते. ती तुम्हाला सात प्रश्न विचारते. उदाहरणार्थ, कुणीतरी विश्वासाने सोन्याची थैली पोचवायला दिलीय, आतली नाणी मोजलेली नाहीत, आणि वाटेत भिकारी भेटला. थैली जशीच्या तशी पोचवाल, की एक नाणं त्याला द्याल? एकीकडे प्रामाणिकपणा, दुसरीकडे करुणा. दोन्ही चांगलेच. चांगलं की वाईट असं निवडायचं नसतं, दोन चांगल्यांतलं एक सोडायचं असतं. अशा आठ गुणांची कुस्ती लावून ती बाई एक गुण जिंकवते, आणि त्यावरून तुम्ही गेममध्ये कोण होणार ते ठरतं. शौर्य जिंकलं तर लढवय्या, करुणा जिंकली तर गाणारा शाहीर, आणि नम्रता जिंकली तर मेंढपाळ. मेंढपाळ हा सगळ्यात कमजोर. म्हणून सगळे नम्रतेला टाळतात. मीसुद्धा टाळलं.

हा गेम तुमच्यावर लक्ष ठेवतो आणि सांगत नाही. जडीबुटी विकणारी आंधळी बाई असते. ती म्हणते, एवढे एवढे पैसे झाले, तुम्हीच टाका. तुम्ही एकच नाणं टाकलंत तरी माल मिळतो. तुम्हाला वाटतं, वा, काय फायदा झाला! पण आत कुठेतरी तुमचा प्रामाणिकपणा कमी झालेला असतो. भिकाऱ्याला पैसे दिले की करुणा वाढते. वैद्याकडे रक्तदान केलं की त्याग वाढतो. लढाईतून पळ काढला की शौर्य घटतं. स्क्रीनवर कुठेही गुणांचा आकडा दिसत नाही. किती झालं हे विचारायला राजाच्या किल्ल्यात एक द्रष्टा बसलेला असतो, त्याच्याकडे जायचं आणि एकेका गुणाचं नाव घेऊन विचारायचं.

मी वही घातली होती. दोनशे पानी, लांब. या गेममध्ये वही लागतेच, कारण कुठली खूण कुणी सांगितली हे गेम लिहून ठेवत नाही. सात गुण झाले. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, अध्यात्म, आणि ज्याला इंग्रजीत ऑनर म्हणतात ते. ऑनरला मराठीत काय म्हणायचं यावर मी दोन दिवस घालवले. इभ्रत? प्रतिष्ठा? शेवटी लिहिलं ‘शब्दाला जागणं’. राहिली नम्रता. द्रष्ट्याकडे जावं, विचारावं, आणि उत्तर तेच, अजून बरंच बाकी आहे. पंधरा दिवस मी गावोगाव हिंडलो. दान दिलं, रक्त दिलं, पळालो नाही. नम्रता जागची हलेना.

आता कोडं नीट ऐका.

गेमचं म्हणणं असं आहे की सगळ्या गुणांच्या मुळाशी तीनच तत्त्वं आहेत. सत्य, प्रेम आणि धैर्य. बाकी सगळे गुण यांच्या मिसळीतून होतात. नुसतं सत्य घेतलं की प्रामाणिकपणा. नुसतं प्रेम म्हणजे करुणा. नुसतं धैर्य म्हणजे शौर्य. सत्य आणि प्रेम मिळून न्याय. प्रेम आणि धैर्य मिळून त्याग. धैर्य आणि सत्य मिळून शब्दाला जागणं. तिन्ही एकत्र आले की अध्यात्म. किती झाले? सात. आणि आठवी नम्रता कशातून? तर कशातूनच नाही. सत्य नाही, प्रेम नाही, धैर्य नाही. शून्य.

रंगांतही तेच केलंय. सत्य निळं, प्रेम पिवळं, धैर्य लाल. शाळेत चित्रकलेच्या तासाला मिसळायचो तसं, निळा-पिवळा हिरवा, तो न्यायाचा. पिवळा-लाल केशरी, तो त्यागाचा. लाल-निळा जांभळा. तिन्ही मिळून पांढरा, म्हणजे आपल्या रंगपेटीतला नाही, प्रकाशातला पांढरा. आणि नम्रतेचा खडा काळा.

मला हे पटेचना. ज्या माणसात सत्य नाही, प्रेम नाही, धैर्यही नाही, तो नम्र? तो तर गावातला सगळ्यात बेकार माणूस झाला ना!

गॅरियटचं स्वतःचं उत्तर असं, की तिन्ही नसले तर उरतो गर्व. गर्व हा काही गुण नाही. म्हणून त्याच्या उलटं घ्या, नम्रता. खरं सांगू? पहिल्यांदा मला ही जुळवाजुळव वाटली. परीक्षेत एक जोडी उरते, मग ती उरलेल्या रकान्याला जोडून टाकतो आपण, तसं. आठ गुण हवे होते, सातच निघाले, आठवा ओढून आणला.

नववीचं गणित

मग एका दुपारी शेजारच्या मुलाची शिकवणी घेत होतो. नववीत आहे. आपल्या बोर्डाच्या नववीच्या गणितात पहिलाच धडा ‘संच’. तीन घटकांच्या संचाचे उपसंच लिही म्हटलं. त्याने लिहिले. एकेक घटकाचे तीन, दोन-दोनचे तीन, तिघांचा एक. म्हणाला, “सर, सात.” मी म्हटलं, “आठवा?” तो म्हणाला, “हां, रिक्त संच राहिला.”

मी जागच्या जागी थांबलो. सत्य, प्रेम, धैर्य. तीन घटक, आठ उपसंच. म्हणजे आठवा ओढून आणलेला नव्हताच! आठवा असायलाच हवा. मोजायला विसरतो तो आपण.

आणि त्याच धड्यात पुढे एक नियम आहे, जो आपण सगळ्यांनी दोन मार्कांसाठी पाठ केला आणि सोडून दिला. रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच असतो. म्हणजे हिरव्यात निळा असेल, लाल नसेल. पण रिकामा सगळ्यांत असतो. प्रामाणिकपणात आहे, न्यायात आहे, शौर्यात आहे. नम्रता हा रांगेतला आठवा गुण नाही, बाकीच्या सातांच्या आत ठेवलेली मोकळी जागा आहे. ती जागा नसलेलं शौर्य कसं दिसतं ते आपण रोज रील्समध्ये बघतो. ती जागा नसलेला त्याग प्रत्येक घरात एकदा तरी ऐकलाय, “मी तुमच्यासाठी काय काय केलं माहितीये का!”

मला वाटलं, झालं, कोडं सुटलं. पण गेममध्ये नम्रता काही वाढेना. समजणं वेगळं आणि असणं वेगळं, हे गेमला बरोबर माहीत होतं.

इथे एक गोष्ट बोलली पाहिजे. तुमच्यापैकी काही जण म्हणत असतील, गेममध्ये कसले गुण शोधतोस, गेम टाईमपाससाठी असतो. पण गुणांचा खेळ करणं ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. सापशिडी घ्या. ती मुळात आपली, आणि तिच्या मराठी रूपाला मोक्षपट म्हणतात. परंपरेने तो संत ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जातो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत ग्रंथपाल असलेले वा. ल. मंजूळ यांनी जुन्या मोक्षपटांचा अभ्यास केला. त्या पटावर घरं नुसत्या आकड्यांची नसतात. जन्मापासून सुरुवात, मोक्षाला शेवट, शिड्या सद्गुणांच्या आणि साप काम, क्रोध, लोभ अशा विकारांचे. फाशाऐवजी कवड्या. पुढे हा खेळ इंग्लंडला गेला, १८९० च्या दशकात तिकडच्या दुकानांत विकायला आला, आणि हळूहळू घरांवरची नावं पुसून नुसते आकडे उरले. आपण लहानपणी ९८ वरून खाली आलो तेव्हा त्या सापाचं नाव काय होतं, हे कुणी सांगितलंच नाही.

फरक एवढाच, की मोक्षपटात कवड्या पडतील तसं चालायचं. अल्टिमात कवड्या तुमच्याच हातात असतात.

नम्रता की अमानित्व?

आता ज्ञानेश्वरांचं नाव निघालंच आहे तर मी कुठे चुकत होतो ते सांगतो. मी शब्दात चुकत होतो.

वहीत मी लिहिलं होतं ‘नम्रता’. आता हा शब्द आपण कुठे वापरतो? लग्नपत्रिकेत, ‘नम्र विनंती’. अर्जाच्या शेवटी, ‘आपला नम्र’. सोसायटीच्या फलकावर, ‘नम्र सूचना, येथे गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल’. म्हणजे नम्रता ही वाकण्याची पद्धत झाली. हात जोडा, आवाज खाली ठेवा, “मी तर लहान माणूस” म्हणा. हे सगळं गर्विष्ठ माणसालाही उत्तम जमतं. किंबहुना त्यालाच जास्त जमतं.

आमच्या घरात आजोबांची सार्थ ज्ञानेश्वरी आहे. ज्ञानेश्वरी १२९० साली लिहिली गेली ती नेवाशात, प्रवरेच्या काठी, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात. खरं ज्ञान असलेला माणूस ओळखायचा कसा, त्याची यादी. त्या यादीतलं पहिलं लक्षण काय? अमानित्व. मान नको असणं. बघा, ‘नम्र’ हा शब्द वाकण्याचा आहे. ‘अमानी’ हा शब्द न मागण्याचा आहे. ज्ञानेश्वर तिथे घाईने पुढे जात नाहीत, चांगले रेंगाळतात. ते म्हणतात, अशा माणसाला कुणी मोठेपणा द्यायला लागलं की त्याची अवस्था शिकाऱ्याने घेरलेल्या हरणासारखी होते. अंगात बृहस्पतीइतकं ज्ञान असलं तरी मोठेपणाच्या भीतीने तो वेडेपणात लपून बसतो.

मग सोळाव्या अध्यायात आणखी एक यादी आहे, दैवी संपत्तीची, २६ गुणांची. तिची सुरुवात होते अभयापासून, म्हणजे धैर्यापासून. आणि शेवटचा, सव्विसावा? अतिमान नसणं. एका यादीत हा गुण सगळ्यात आधी, दुसऱ्या यादीत सगळ्यात शेवटी. जणू दोन्ही बाजूंनी कंस घातलाय, आणि मधे काय ठेवायचं ते ठेवा.

म्हणजे प्रश्न ‘वाकतोस का’ हा नव्हता. प्रश्न होता ‘मागतोस का’.

मी वही उघडली आणि गावोगावचे संवाद परत वाचले. आणि सापडलं! या गेममध्ये लोकांशी बोलताना मधेच एखादा माणूस सहज विचारतो. तू मोठा शूर आहेस का? तू सगळ्यांत भारी आहेस का? उत्तर फक्त हो किंवा नाही. आणि मी काय केलं होतं? प्रत्येक ठिकाणी ‘हो’. विचारसुद्धा केला नव्हता. गेमचा हिरो आहे ना मी, मग हो! खोटंही नव्हतं ते, मी खरंच भारी झालो होतो. मी दान देऊन, रक्त देऊन नम्रता शोधत फिरत होतो, आणि ती त्या फालतू वाटणाऱ्या प्रश्नांत गळून जात होती.

परत गेलो. ‘नाही’ म्हणायला लागलो. थोड्या दिवसांत द्रष्ट्याने सांगितलं, आता जा. नम्रतेचं देऊळ त्या जगातलं सगळ्यात अवघड देऊळ आहे, वाटेत राक्षस, आणि त्यांना हाकलायला एक चांदीचं शिंग लागतं. गंमत बघा, नम्रतेपर्यंत तलवारीने जाता येत नाही.

प्रत्येक देवळात एक अक्षर दिसतं. आठ देवळं, आठ अक्षरं. ओळीने लावली की इंग्रजी शब्द होतो, इन्फिनिटी. अनंत. गेमच्या शेवटच्या कोड्याचं उत्तर तेच. आणि त्या शब्दातलं शेवटचं अक्षर नम्रतेचं. सात असूनही शब्द पुरा होत नाही.

बेटावर

ते अक्षर मिळालं त्या संध्याकाळी मी बेटावर गेलो होतो. बाहेरगावच्या ऐकणाऱ्यांसाठी, कोपरगावात गोदावरीच्या काठी बेट नावाचा भाग आहे, तिथे शुक्राचार्यांचं आणि कचेश्वराचं मंदिर आहे. इथेच शुक्राचार्यांचा आश्रम होता आणि इथेच कचाने संजीवनी विद्या मिळवली, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. आमच्याकडे कारखान्यापासून कॉलेजपर्यंत ‘संजीवनी’ हे नाव त्यावरूनच.

कचाची गोष्ट तुम्हाला माहिती असेल. खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ नाटक त्यावरच आहे, आणि खांडेकरांच्या ‘ययाति’तही कच भेटतो. कच हा देवांच्या गुरूचा, बृहस्पतीचा मुलगा. दानवांच्या गुरूकडे शिकायला येतो आणि आपण कुणाचे कोण ते उघड सांगतो. हे सत्य. गुरूची सेवा करतो, देवयानी त्याच्यावर जीव लावते. हे प्रेम. दानव त्याला मारतात, तो जिवंत होतो, आणि तरी तिथून जात नाही. हे धैर्य. तिसऱ्या वेळी दानव त्याला जाळून ती राख मद्यात कालवून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच गुरूच्या पोटात. त्याला बाहेर काढायचा तर गुरू मरणार. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला विद्या शिकवतात. कच बाहेर येतो. समोर गुरू मरून पडलेला, आणि तो शत्रूपक्षाचा गुरू. विद्या हातात. तो काय करतो? आधी गुरूला उठवतो.

इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. पण मला त्या संध्याकाळी त्याच्या पुढचा तुकडा आठवला. देवयानी लग्नाचं विचारते, तो नाही म्हणतो, आणि ती शाप देते, तुझी विद्या तुला फळणार नाही. एवढं सोसून मिळवलेली विद्या, आणि आपल्याच हातात निकामी! त्यावर कच म्हणतो, मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवीन त्याला फळेल.

मी पायरीवर बसून होतो. सत्य, प्रेम, धैर्य सगळं जागेवर आहे. फक्त ‘माझ्या हातून’ एवढंच गेलंय. ती जागा रिकामी झालीय, आणि त्याचं तिथे काही अडत नाही.

आणि मग मला दादा आठवला.

तिसरी रांग

गेल्या डिसेंबरात तालुक्यात एक कार्यक्रम झाला. तरुणांचा सत्कार होता, त्यात या पॉडकास्टसाठी माझंही नाव होतं. शाल, श्रीफळ, सगळं. हॉलमधला माईक खरखरत होता. माझं नाव पुकारलं तेव्हा तो बंदच पडला. तर तिसऱ्या रांगेतून दादा उठला, मावशीजवळ बसला होता, स्टेजच्या बाजूला जाऊन वायर बघितली आणि जोड हाताने दाबून धरून तिथेच उकिडवा बसला. माईक सुरू झाला. मी हात जोडले, सगळ्यांना वाकून नमस्कार केला. निवेदकाने विचारलं, “हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?”

मी म्हटलं, “कुणी नाही. यूट्यूब आणि स्वतःची मेहनत.”

टाळ्या पडल्या. दादाने नाही वाजवल्या. त्याच्या हातात वायर होती.

आता मी फक्त यादी वाचतो. आठवीत असताना मला कॉम्प्युटर उघडून दाखवला, तो दादाने. ऑडॅसिटीत आवाजातली खरखर काढायला शिकवलं, दादाने. गोधडी डोक्यावर घेऊन रेकॉर्ड केलं की आवाज घुमत नाही, हे त्याने सांगितलं. पहिला कॉलर माईक त्याने आणून दिला आणि पैसे घेतले नाहीत. या पॉडकास्टच्या पहिल्या चाळीस भागांनंतर मला त्याचा व्हॉइस नोट यायचा, “दोन मिनिटं सतरा सेकंदाला थुंकी गिळल्याचा आवाज येतोय, काढ.” कौतुक कधी नाही, फक्त चूक आणि तिची वेळ.

डिसेंबरानंतर एकही आला नाही.

भांडण झालं नाही. आमच्याकडे अशी भांडणं होतच नाहीत. भेटला की “जेवला का?” विचारतो. गाडीत हवा भरून देतो. फक्त व्हॉइस नोट बंद. आणि मला कारण पहिल्या दिवसापासून माहिती होतं. मी सहा महिने ते माहिती नसल्यासारखं केलं.

गॅरियटचं ते उत्तर मला जुळवाजुळव वाटलं होतं ना, की रिकाम्या जागेत गर्व असतो आणि त्याचं उलट नम्रता? आता वाटत नाही. जागा एकच आहे. त्या प्रश्नानंतर माझ्या वाक्यात एक मोकळी जागा होती. तिथे एक शब्द बसला असता, दादा. मी तिथे मला बसवलं. आणि मी खोटारडा म्हणून नाही केलं हे, मेहनत खरीच केली होती. गेममध्ये ‘हो’ म्हणत होतो, तसंच म्हटलं. कुणीतरी विचारलं, तू भारी आहेस का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हो.

मागच्या आठवड्यात दुकानात गेलो. सांगायचा प्रयत्न केला. दोन गिऱ्हाईकं उभी होती, एकाचा डिस्प्ले फुटलेला. मी म्हटलं, “दादा, त्या दिवशी स्टेजवर मी…” तो म्हणाला, “सोड रे,” आणि भिंग डोळ्याला लावून मोबाईलमध्ये बघायला लागला. मी थोडा वेळ थांबलो, मग निघालो.

येताना गोदावरीच्या पुलावर वाटलं, दुकानात सांगून भागणार नाही. नाकारलं माईकवर, तर कबूलही माईकवरच करायला हवं. म्हणून हा भाग.

यातही खोच आहे, मला कळतंय. “बघा मी कसा चूक कबूल करतो” हा सुद्धा त्याच प्रश्नाला दिलेला ‘हो’च आहे. रिकामी जागा दाखवायला गेलं की भरते. म्हणून माफीचं भाषण करत नाही. यादी वाचली, ती खरी आहे, एवढंच. आणि आजपासून प्रत्येक भागाच्या खाली, जिथे माझं नाव असतं, तिथे त्याच्याही नावाची ओळ असेल. ही आधीच्या सगळ्या भागांनाही जोडली आहे.

तुम्हाला एवढंच विचारतो. तुमच्या वायरीचा जोड कुणी धरून बसलंय का? असेल तर मला कळवू नका. त्यांना सांगा.

चला, पंखा लावतो आता. पुढच्या भागात भेटू. शुभ रात्री.

(ता. क. हा भाग टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता व्हॉइस नोट आला. सहा सेकंदांचा. “अकराव्या मिनिटाला फ्रीज ऐकू येतोय. रेकॉर्ड करताना बंद करत जा.”)